मांडवीच्या मुखाशी प्राणिप्लवक : प्रकल्प नोंदी

६ मे

प्राणिप्लवकांचे, म्हणजे पाण्याबरोबर वाहणाऱ्या बारीक प्राण्यांचे, वर्षभर नमुने घ्यायला तीन जागा पक्क्या झाल्या. पहिली कांदोळीसमोर, किनाऱ्यापासून बाहेर, जिथे खोली पंचवीस मीटरच्या आसपास मिळते. दुसरी आग्वादच्या किल्ल्याखाली, मांडवीच्या तोंडावर. तिसरी नदीत आत, रायबंदर-चोडण फेरीच्या धक्क्याजवळ. सरांना चौथी जागा जुवारीत हवी होती. कुंभारजुव्याच्या कालव्याने दोन्ही नद्या जोडलेल्या असल्या, तरी जुवारीला मांडवीइतकं गोडं पाणी येत नाही, त्यामुळे तुलना छान झाली असती. डिझेलचा हिशेब मांडला आणि जुवारी यादीतून गेली.

जाळं २०० मायक्रॉनचं, म्हणजे ०.२ मिमी छिद्रांचं, तोंडाचा व्यास ५० सेंमी, म्हणजे क्षेत्रफळ ०.१९६ चौरस मीटर. होडी दीड नॉटने पाच मिनिटं चालली की साधारण २३० मीटर अंतर होतं आणि ४५ घनमीटर पाणी गाळलं जातं. प्रवाह उलटा असला किंवा जाळी तुंबली की हा आकडा कोसळतो, म्हणून तोंडाशी फ्लोमीटर (आत गेलेलं पाणी मोजणारा पंखा) बांधल्याशिवाय जाळं पाण्यात सोडायचं नाही.

होडीवरून घ्यायचे सगळे नमुने भरतीच्या शेवटच्या तासात. भरतीबरोबर समुद्रातले प्राणी नदीत शिरतात, ओहोटीबरोबर खाडीतले बाहेर पडतात. उधाणाला इथे पाणी सव्वादोन मीटरच्या आसपास चढतं-उतरतं. एकाच दिवशी सहा तासांच्या अंतराने घेतलेले दोन नमुने दोन वेगळ्या ऋतूंचे वाटावेत, इतका फरक पडू शकतो. भरतीची वेळ रोज पाऊण-एक तास पुढे सरकते, तेव्हा तारखा कॅलेंडरवरून नाही, भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून ठरणार. होडीचे तांडेल म्हणाले, तक्ता कशाला, तिथी सांगा.

२१ मे

मोजायला बसले. नमुना फॉल्समच्या विभाजकात घालून अर्धा, मग अर्ध्याचा अर्धा करत मोजण्याजोगा केला. तरी एका वाटणीला दुपार गेली.

तोंडावर क्षारता ३५ (हजार भाग पाण्यात ३५ भाग क्षार), रायबंदरलाही तिशीच्या वर. मेमध्ये मांडवी नावापुरतीच नदी असते. वरून येणारं पाणी जवळजवळ थांबलेलं, आणि भरती-ओहोटीने वरचं-खालचं पाणी घुसळून एकसारखं केलेलं. खारेपणा पन्नास किलोमीटर आतपर्यंत चढतो. म्हणून रायबंदरच्या नमुन्यातही समुद्रावरचीच मंडळी आहेत: अक्रोकॅलॅनस, पॅराकॅलॅनस, सेंट्रोपेजिस. खाडीतला अकार्टिया अर्थातच सगळीकडे. हे चारही कोपेपॉड, कोळंबीच्या दूरच्या नात्यातले ठिपक्याएवढे प्राणी. नमुन्यात बहुसंख्य कोपेपॉडच. इथल्या पाण्यात हे नवल नाही, कोपेपॉड सत्तर-ऐंशी टक्के असणं हेच रोजचं.

बाकी खेकड्यांच्या झोइया अळ्या, बार्नॅकलचे नॉप्लियस (अंड्यातून निघालेल्या पहिल्या अळ्या), शिंपल्यांच्या अळ्या, माशांची अंडी. हे सगळे तात्पुरते पाहुणे. मोठे झाले की तळाला किंवा जाळ्यात. फॉर्मवर यांच्यासाठी एकच ओळ आहे, 'इतर अळ्या'. ती मोडून मी पाच ओळी केल्या. कोळंबी आणि तिसऱ्या (खायच्या शिंपल्या) जिथून येतात ती ओळ 'इतर' कशी?

३ जून

१ जूनपासून मासेमारी बंद, ३१ जुलैपर्यंत. मालीम जेटीवर ट्रॉलर एकमेकांना खेटून बांधलेत. आपली होडी मासेमारीची नसली तरी तांडेल बाहेर जाणार नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे. कांदोळीची जागा आता दोन-अडीच महिने रिकामी.

या कामातली सगळ्यात मोठी अडचण हीच. आपल्या किनाऱ्यावर 'ऋतुमानानुसार बदल' या विषयावर भरपूर लिहिलं जातं, आणि पाणी सगळ्यात जास्त बदलतं तेव्हाच नमुने सगळ्यात कमी असतात.

१२ जून

पाऊस सुरू झाला. नदीला अजून पत्ता नाही. आधी घाटातली माती भिजणार, मग ओढे भरणार, मग मांडवी. रायबंदरला क्षारता थोडी उतरलीय, तोंडावर जवळपास मेसारखीच. फॉर्मवर 'ऋतू' या रकान्यात 'पावसाळा' लिहावं लागतं. लिहिलं, पण पेन्सिलने.

८ जुलै

रायबंदर, फेरीचा धक्का. पाणी लाल-तपकिरी, फांद्या आणि जलपर्णीचे पुंजके वाहतायत. होडी नाही म्हणून जाळं धक्क्यावरून प्रवाहात धरलं आणि ओहोटीलाच पाणी गाळायला लावलं. इथे भरतीचा नियम बाजूला. तशी नोंद नमुन्याच्या बाटलीवर केली. दोन मिनिटांतच जाळी गाळाने तुंबायला लागली, फ्लोमीटरचा पंखा मंदावला. म्हणून एक मोठी ओढ घेण्याऐवजी मिनिटा-मिनिटाच्या छोट्या ओढी घेतल्या आणि मध्ये दर वेळी जाळं धुतलं. फेरीत चढणाऱ्या एका आजींनी विचारलं, एवढ्या गढूळ पाण्यात काय मिळतं? बाटली उजेडात धरून दाखवली. 'किडे', असं म्हणून त्या चढल्या.

क्षारता दाखवणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरची रेषा शून्याला टेकलेली. मेमधली मंडळी पार गायब. त्यांच्या जागी हेलिओडायाप्टोमस आणि सायक्लोपॉइड हे गोड्या पाण्यातले कोपेपॉड, रोटिफर, थोडे क्लॅडोसेरा (पाणपिसवा). खाडीत नांदणारा एकच, अकार्टिएला, कमी क्षारतेत खूष असणारा. जातींची संख्या कमी, प्राण्यांची संख्याही कमी. मोजणी तासाभरात संपली. मेमध्ये याच कामाला दुपार लागली होती.

१७ जुलै

आज वेऱ्याच्या बाजूने, तोंडाजवळ, पाऊस उघडला तेवढ्यात एक फेरी. वरचं पाणी प्यायलाही चालेल इतकं गोडं. बाटली काही मीटर खाली सोडली तर खारं. नदीचं हलकं पाणी वरून समुद्राकडे सरकतं, समुद्राचं जड पाणी पाचरीसारखं खालून आत घुसतं. पावसाळ्यातल्या मांडवीची हीच रचना. उन्हाळ्यात सगळं घुसळलेलं, पावसाळ्यात दोन मजले.

यातून एक गोष्ट स्वच्छ कळते. पृष्ठभागावर जाळं ओढून 'पावसाळ्यात समुद्री जाती नाहीशा होतात' असं लिहिणं म्हणजे वरच्या मजल्यावर हाक मारून घर रिकामं ठरवणं. खालचं बादलीभर पाणी गाळल्यावर पॅराकॅलॅनस आणि अकार्टिया सापडले, थोडे पण जिवंत. काही असे खाली टिकतात, काही समुद्रात ढकलले जातात. अकार्टियासारखे काही कोपेपॉड आणि क्लॅडोसेरा गाळात सुप्त अंडी टाकून ठेवतात. पाणी मनासारखं झालं की ती फुटतात. इथून पुढे तोंडावरचा प्रत्येक नमुना दोन थरांत.

२ ऑगस्ट

बंदी उठली. आग्वादच्या वाळूच्या पट्ट्यावर लाटा अजून फुटतायत. तांडेल म्हणाले, नारळ पडू दे.

२१ ऑगस्ट

नारळी पौर्णिमा झाली, बाहेर पडलो. कांदोळीसमोर वरचं पाणी मेपेक्षा स्पष्ट थंड, आणि खाली उतरावं तसं आणखी थंड. पावसाळी वारे आणि दक्षिणेकडे वाहणारा किनारी प्रवाह यांच्यामुळे खालचं पाणी किनाऱ्याच्या उथळ भागावर चढून येतं. पोषकद्रव्यांनी भरलेलं, ऑक्सिजनने रिकामं. त्यावर नदीच्या आणि पावसाच्या हलक्या पाण्याची पातळ चादर, म्हणून ते पूर्ण वर येत नाही.

जाळं वर आलं तेव्हा तळाच्या डब्यात गच्च लगदा. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर जवळजवळ सगळं पेनिलिआ अविरोस्ट्रिस, मधूनमधून इवॅड्नी, दोन्ही क्लॅडोसेरा. क्लॅडोसेराच्या माद्यांना नराची वाट पाहावी लागत नाही, पाठीवरच्या पिशवीत पिल्लं तयार होतात. कोपेपॉडला अंड्यातून निघाल्यावर सहा नॉप्लियस आणि पाच कोपेपोडाइट अवस्था पार कराव्या लागतात, तेव्हा कुठे तो प्रौढ होतो. म्हणून खायला मुबलक झालं की पहिली उडी क्लॅडोसेराची असते, कोपेपॉड मागून येतात.

१३ सप्टेंबर

चतुर्थीची सुट्टी संपवून अर्धी लॅब परतली, उरलेली अजून गावाला. कांदोळीसमोर आज विंकलरसाठी (पाण्यातला ऑक्सिजन मोजायची पद्धत) तीन बाटल्या भरल्या: वर, दहा मीटर, तळ. मँगनीज आणि अल्कधर्मी आयोडाइडची द्रावणं घातली की पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका धरतो, नसेल तर साका पांढराच राहतो. वरची बाटली गडद तपकिरी. दहा मीटरची फिकट. तळाची पांढरीफट्ट. टायट्रेशन प्रयोगशाळेत होईलच, पण रंग पाहून सगळे गप्प झाले.

प्राणीही तसेच वाटलेले. वरच्या थरात गर्दी, त्यात टेमोरा टर्बिनाटा या कोपेपॉडचा भरणा. हा उफाळून येणाऱ्या पाण्याचा ठरलेला सोबती, आपल्या पश्चिम किनाऱ्यावर या दिवसांत वारंवार सापडतो. तळाजवळ ओढलेल्या जाळ्यात फारसं काही नाही. दिवसा खाली उतरून मोठ्या माशांच्या नजरेआड राहायची ज्यांची सवय, त्यांना खाली जागाच उरलेली नाही.

तांडेल मूळचे मालवणचे. म्हणाले, "मॅडम, खाली पाणी थंड आसा, मासो सगळो वर इलोहा." तळाचं जाळं ओढणाऱ्यांना या दिवसांत हात हलवत परतावं लागतं हे त्यांना मापाशिवाय ठाऊक आहे.

१९ सप्टेंबर

सरांशी वाद. मुद्दा तक्त्याचा. रीत अशी की वर्षाचे तीन भाग करायचे: फेब्रुवारी ते मे मान्सूनपूर्व, जून ते सप्टेंबर मान्सून, ऑक्टोबर ते जानेवारी मान्सूनोत्तर. त्याप्रमाणे ८ जुलैचं रायबंदर आणि १३ सप्टेंबरचं कांदोळी एकाच रकान्यात जातात. एकात क्षारता शून्य आणि मोजक्याच जाती. दुसऱ्यात खारं पाणी, वर गर्दी, तळाशी ऑक्सिजन नाही. दोघांची सरासरी काढून 'मान्सूनमधली विविधता' म्हणून जो आकडा येईल, तसं पाणी गोव्यात कुठेच नाही.

सरांचं म्हणणं, आधीच्या सगळ्या कामाशी तुलना करायची तर रकाने तेच हवेत. हे चुकीचं नाही. माझं म्हणणं, ते रकाने पावसाचे आहेत, पाण्याचे नाहीत. ठरलं काहीच नाही. चहा झाला.

९ ऑक्टोबर

तळाच्या बाटलीचं झाकण उघडताच सडक्या अंड्याचा वास. हायड्रोजन सल्फाइड. ऑक्सिजन संपला की जिवाणू नायट्रेटवर भागवतात, तेही संपलं की सल्फेटवर येतात आणि हा वायू तयार होतो. दोनापावल्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने कांदोळीसमोर वर्षानुवर्षं मोजमापं ठेवली आहेत. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हा तळाच्या पाण्याचा सगळ्यात वाईट काळ असतो, हे त्यांतून नीट दिसतं. किनाऱ्यावर मात्र पर्यटकांचा हंगाम सुरू झालाय, आकाश निळं, समुद्र शांत. वरून काही म्हणजे काही कळत नाही.

रकान्याप्रमाणे आज 'मान्सूनोत्तर'.

२५ ऑक्टोबर

रायबंदरला क्षारता चढतेय. हेलिओडायाप्टोमस संपले. निमखाऱ्या पाण्यातले स्यूडोडायाप्टोमस आलेत. बाकी विशेष नाही.

१९ नोव्हेंबर

किनारी प्रवाह आता उत्तरेकडे वळलाय. बंगालच्या उपसागराकडचं जरा कमी खारं पाणी घेऊन तो वर सरकतो. तळाची विंकलर बाटली परत तपकिरी.

या वर्षातला सगळ्यात भरगच्च नमुना आजचा. संख्येने नव्हे, जातींनी. कोपेपॉडचेच इतके प्रकार की जाती ओळखायच्या तक्त्यांची पुस्तकं पुन्हा उघडावी लागली: सबयुकॅलॅनस, कँथोकॅलॅनस, लॅबिडोसेरा, कोरिसियस, ओइथोना, युटर्पिना. शिवाय बाणासारखे पारदर्शक सॅगिटा, डब्याच्या काठावर डोकं आपटत राहणारे कोळंबीसारखे ल्युसिफर, स्वतःभोवती चिकट घर बांधणाऱ्या ऑइकोप्ल्युराची रिकामी घरं. सॅगिटा आले म्हणजे कोपेपॉड खाणारे आले. एकाच्या पोटात गिळलेला कोपेपॉड आरपार दिसत होता. लॅबमधल्या ज्युनियरने फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. त्याच्या आईचा प्रश्न: हे बांगडे खातात का? खातात. विशेषतः लहान बांगडे.

२ डिसेंबर

अमावास्येच्या सुमाराला रात्रीची ओढ, त्याच जागी, दिवसाच्या ओढीनंतर. चांदणं असलं की प्राणी वर यायला बिचकतात, म्हणून ही तिथी. रात्रीचा नमुना दिवसाच्या नमुन्यापुढे भलताच जड. ल्युसिफर, मायसिड, कोळंबीच्या अळ्या, सगळे वर आलेले. ऑक्टोबरात अशी ओढ घेतली असती तर हा फरक इतका दिसला नसता असा माझा अंदाज, कारण तेव्हा दिवसाही सगळे वरच अडकलेले होते. पुढच्या वर्षी घ्यायला हवी.

परतताना होडीच्या मागे निळा उजेड. नॉक्टिलुका, चमकणारा एकपेशीय जीव. वनस्पतीच्या यादीत घालायचा की प्राण्याच्या, यावर दोन्ही बाजूंची माणसं अजून भांडतात; इथला तांबडा नॉक्टिलुका स्वतः अन्न तयार करत नाही, दुसऱ्यांना गिळतो. मी माझ्या यादीत घातला.

२२ जानेवारी

जुन्या नोंदींशी ताळा घालतेय. १९५९ ते १९६५ च्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत सगळ्या देशांच्या जहाजांसाठी एकच प्रमाण जाळं ठरवलं होतं: तोंड एक चौरस मीटर, जाळी ०.३३ मिमी, ओढ २०० मीटर खोलीपासून सरळ वर. नमुने निवडायला कोचीला केंद्र उभं राहिलं. मोहीम आटोपली आणि १ जानेवारी १९६६ ला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. ते काम शिस्तीचं होतं यात वादच नाही. पण ०.३३ मिमीच्या जाळीतून ओइथोना आणि पॅराकॅलॅनसची पिल्लं सरळ निसटतात, आणि आमच्या २०० मायक्रॉनच्या नमुन्यात अर्धी गर्दी त्यांचीच. 'पूर्वीपेक्षा लहान जाती वाढल्या' असं यावरून कुणी लिहू नये. जाळी बारीक झाली, एवढंच.

आणखी एक. खुल्या अरबी समुद्रात वनस्पतिप्लवक ऋतूप्रमाणे खूप कमी-जास्त होतात, पण प्राणिप्लवकांचं एकूण वस्तुमान फारसं हलत नाही. याला 'अरबी समुद्राचा विरोधाभास' म्हणतात. किनाऱ्यावरचा माझा तक्ता त्याच्याशी जुळत नाही आणि जुळायचं कारणही नाही. बाहेर नदी नाही.

२७ फेब्रुवारी

आजचं विस्थापन-आकारमान (नमुन्याने बाजूला सारलेलं पाणी) वर्षभरातलं सर्वाधिक. आलेखावर उंच सुळका. डब्यात मात्र साल्पच्या साखळ्या आणि प्ल्युरोब्रॅकिया, दोन्ही पारदर्शक लिबलिबीत प्राणी, म्हणजे बहुतांशी पाणीच. कोपेपॉड मोजून मूठभर. साल्प पाणी गाळून खातात आणि कळ्या फोडून साखळीने वाढतात, त्यामुळे चार दिवसांत एखादा पट्टा भरून टाकतात.

असे मऊ प्राणी फॉर्मॅलिनमध्ये आकसतात, काही तर विरघळूनही जातात, तेव्हा त्यांची मोजणी होडीवरच, जिवंत असताना. आणि आकारमानाचे दोन आकडे: लिबलिबितांसह आणि त्यांच्याविना. एकच आकडा छापला तर फेब्रुवारी हा वर्षातला सगळ्यात सुपीक महिना ठरेल, आणि मासळीच्या दृष्टीने ते साफ खोटं असेल.

२४ मार्च

कांदोळीसमोर समुद्रावर लाकडाच्या भुशासारखे तपकिरी पट्टे, मैलभर. ट्रायकोडेस्मियम, तंतूंसारखे नीलहरित जिवाणू. वारा पडलेला, पाणी तापलेलं, पोषकद्रव्यं संपलेली, अशा दिवसांत याचं फावतं, कारण हवेतून विरघळलेला नायट्रोजन हा स्वतः वापरू शकतो. फार थोडे प्राणी याला तोंड लावतात. त्यांतला एक, मॅक्रोसेटेला ग्रॅसिलिस, आज भरपूर. सडपातळ हार्पॅक्टिकॉइड (कोपेपॉडचाच एक गट), ट्रायकोडेस्मियमच्या तंतूंना धरून राहतो, त्याची पिल्लंही त्यावरच वाढतात, आणि तो ते खातोही. पट्ट्याबाहेर शंभर मीटरवर घेतलेल्या ओढीत एकही नाही. मार्चचा नमुना कुठे घेतला, पट्ट्यात की बाहेर, हे लिहिल्याशिवाय मार्चबद्दल बोलताच येणार नाही.

१७ एप्रिल

तक्ता ठरला. सरांचे तीन रकाने परिशिष्टात, तुलनेसाठी. मुख्य तक्ता पाण्याप्रमाणे: गोडं, दोन थरांचं, उफाळलेलं आणि तळाशी ऑक्सिजन नसलेलं, निवळलेलं, तापलेलं आणि खारं. प्रत्येक नमुना त्या दिवशीच्या क्षारतेवरून आणि ऑक्सिजनवरून ज्याच्या त्याच्या रकान्यात. १२ जूनचं तोंड आता मेच्या शेजारी बसलंय, ९ ऑक्टोबरचं कांदोळी सप्टेंबरच्या. एकाच रकान्यातले नमुने एकमेकांसारखे दिसायला लागले, आणि ते महिन्यांच्या तक्त्यात कधीच दिसत नव्हते. सरांनी बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, शॅनन निर्देशांक (विविधता एका आकड्यात सांगणारा) कुठेय? आहे, पण प्रमुख जातींच्या नावांखाली. फेब्रुवारी आणि ऑगस्ट यांचा निर्देशांक जवळजवळ सारखा निघतो आणि दोन्हींत क्वचितच एखादी जात सामाईक आहे.

जून-जुलैच्या कांदोळीपुढे मी शून्य लिहू दिलं नाही. तिथे 'नमुना नाही' असंच जाईल. येत्या पावसाळ्यात मालीममधल्या एखाद्या मोठ्या बोटीची परवानगी मिळते का, त्याचा अर्ज उद्या मत्स्योद्योग खात्यात द्यायचाय. दोन प्रती, आणि बोटीच्या कागदांची झेरॉक्स.